ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, त्याचं पुढे काय झालं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात युरोपियन युनियन म्हणजे काय यावर एक छोटा लेख दिला होता. त्याच्यावर भरपूर प्रश्न आले आणि निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे, ब्रेक्झिट. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्याच्यावरच. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं लिहिलंय त्यामुळे फक्त गाव देतेय, आणि सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केलेत.

ताई, ब्रिटनने युरो कधी घेतलाच नव्हता, शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) लंडनला जाताही येत नव्हतं. मग बाहेर पडले म्हणजे नक्की कशातून पडले? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, सोपं करून सांगा. (छत्रपती संभाजीनगर)

बरोबर पकडलंत. पौंड त्यांचा स्वतःचाच होता आणि पासपोर्टही ते आधीपासून तपासायचेच. पण खऱ्या महत्त्वाच्या दोन गोष्टी होत्या आणि त्या दोन्हीत ते पूर्ण आत होते. एक कस्टम्स युनियन, म्हणजे आतल्या देशांनी एकमेकांच्या मालावर ड्युटी लावायची नाही आणि बाहेरच्यांच्या मालावर सगळ्यांनी सारखीच लावायची. दुसरी सिंगल मार्केट, म्हणजे खेळण्यावरच्या रंगापासून औषधाच्या गोळीपर्यंत नियम सगळीकडे एकच, एका देशात विकायला पास झालं की सगळीकडे विका, आणि माणसांचंही तसंच, कुठल्याही देशात जा, नोकरी धरा, राहा, व्हिसा नको.

तारखा लिहून घ्या. 1 जानेवारी 1973 ला आत गेले. 1975 मध्ये राहायचं का असं सार्वमत घेतलं तेव्हा 67 टक्के हो म्हणाले. 23 जून 2016 ला परत विचारलं तेव्हा 51.9 टक्के म्हणाले बाहेर पडू. मार्च 2017 मध्ये युनियनच्या कराराच्या कलम 50 खाली बाहेर पडायची नोटीस दिली, पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार संसदेत तीनदा पडला, मग बोरिस जॉन्सन आले, 31 जानेवारी 2020 ला कागदावर बाहेर आणि 31 डिसेंबर 2020 च्या रात्री व्यवहारात बाहेर, कारण मधले अकरा महिने जुनेच नियम चालू होते. या दोन तारखांत गोंधळ होतो, लक्षात ठेवा.

अजून एक गोष्ट जी गाईडमध्ये सहसा नसते. मतपत्रिकेवर फक्त आत की बाहेर एवढंच होतं. बाहेर पडून नॉर्वेसारखं सिंगल मार्केटमध्ये राहायचं, की तुर्कस्तानसारखं बऱ्याचशा मालापुरतं कस्टम्स युनियनमध्ये, की यातलं काहीच नको, हे लोकांना कुणी विचारलंच नाही. पुढची साडेतीन-चार वर्षं भांडण झालं ते यावरच, आणि शेवटी काहीच नको हा पर्याय निवडला गेला. माझ्या मते पुढचे बहुतेक परिणाम या निवडीतून आलेत, नुसत्या बाहेर पडण्यातून नाही.

आकड्यांत सांगा, किती नुकसान झालं? एकजण म्हणतो देश बुडाला, दुसरा म्हणतो काही झालं नाही. आणि ड्युटी तर अजूनही शून्य आहे म्हणतात, मग नुकसान येतं कुठून? (पुणे)

तिथे सरकारी हिशोबावर नजर ठेवणारी एक स्वतंत्र संस्था आहे, ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी. त्यांचा अंदाज असा की आत राहिले असते तर जेवढी उत्पादकता असती त्यापेक्षा लांबच्या काळात ती साधारण 4 टक्के कमी राहील, आणि आयात निर्यात दोन्ही साधारण 15 टक्के कमी. आता यात एक समजून घ्या, देश 4 टक्क्यांनी आकसला असं याचा अर्थ नाही, अर्थव्यवस्था वाढली पण जेवढी वाढायला हवी होती तेवढी नाही, आणि जे घडलंच नाही त्याच्याशी तुलना असल्यामुळे दोन्ही बाजूंना वाद घालायला जागा राहते. त्यात मध्येच कोविड आला, मग युक्रेनचं युद्ध आणि गॅसचे भाव, सगळं एकमेकांत मिसळलं. पण एक धक्का मात्र निखळ ब्रेक्झिटचा, सार्वमताच्या रात्री पौंड दीड डॉलरवरून 1.33 च्याही खाली आला, 1985 नंतर पहिल्यांदाच एवढा खाली, आणि जो देश खाण्यापिण्याचं एवढं बाहेरून आणतो त्याला ते लगेच बाजारात जाणवतं.

ड्युटीचं म्हणाल तर खरंय, 24 डिसेंबर 2020 ला जो करार झाला त्यात ड्युटी नाही. पण कागद आहेत. प्रत्येक खेपेला कस्टम्सचं डिक्लरेशन, मांस, मासे, दुधाचे पदार्थ असतील तर जनावरांच्या डॉक्टरच्या सहीचं सर्टिफिकेट, माल खरंच ब्रिटनमध्ये बनलाय याचा पुरावा. जानेवारी 2021 मध्ये नेदरलँड्सच्या हूक ऑफ हॉलंड बंदरावर ब्रिटनहून आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरची डब्यातली हॅम सँडविचं कस्टम्सवाल्यांनी काढून घेतली, कारण आता बाहेरच्या देशातून मांस आणता येत नाही. त्याने विचारलं मांस घ्या पण ब्रेड तरी राहू दे, तर तेही नाही. तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, लोक हसले.

मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही कारण तोच नियम एखाद्या चीज बनवणाऱ्या छोट्या घरच्या धंद्याला लागला की काय होतं बघा. फ्रान्सच्या गिऱ्हाईकाला तीस पौंडाचं पार्सल पाठवायचं आणि त्यासोबतचं सर्टिफिकेट शंभर-दीडशे पौंडाचं. ट्रकभर माल असेल तर तो खर्च जाणवत नाही. मोठी कंपनी नेदरलँड्समध्ये गोडाऊन घेते, डब्लिनला ऑफिस उघडते, दोन माणसं फक्त या कागदांसाठी ठेवते आणि पुढे जाते. छोटा माणूस ती गिऱ्हाइकं सोडून देतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी हिशोब काढला तर साधारण 16 हजार कंपन्यांनी युरोपला निर्यात करणंच थांबवलं असं निघालं, आणि मोठ्या कंपन्यांच्या निर्यातीवर त्या मानाने फारसा परिणाम नव्हता. ब्रेक्झिटचं नुकसान शोधायचं तर इथे शोधा. कारखाना बंद पडल्याची बातमी होते, पण एखाद्याने परदेशी ऑर्डर घेणं बंद केलं त्याची कुणी बातमी करत नाही.

ब्रेक्झिटच्या प्रचारातल्या लाल बसवर, ब्रिटन युरोपला देतं म्हणून लिहिलेले दर आठवड्याचे 350 दशलक्ष पौंड दवाखान्यांना मिळाले का? (सोलापूर)

तो आकडा मुळातच फुगवलेला होता. तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी 1984 मध्ये युरोपकडून वर्गणीत सूट मिळवली होती, ती त्यात वजाच केलेली नव्हती, आणि शेती-संशोधनासाठी युरोपकडून परत येणारे पैसेही नाहीत. ब्रिटनच्या आकडेवारी प्राधिकरणाने तेव्हाच सांगितलं होतं की हा आकडा दिशाभूल करणारा आहे. वर्गणी वाचली हे खरं, आरोग्यसेवेचं बजेटही नंतर वाढलं, पण ते कर आणि कर्जातून. अर्थव्यवस्था कमी वाढली की करही कमी जमा होतो आणि तिथेच वर्गणीपेक्षा जास्त पैसे जातात.

मी डब्लिनला असते. इथल्या भारतीय दुकानात पीठ, मसाले, तूप सगळं आधी इंग्लंडच्या होलसेलरकडून यायचं. 2021 नंतर बऱ्याच वस्तू गायब झाल्या, काही महागल्या. दुकानदार म्हणतो ब्रेक्झिट. आयर्लंड तर युनियनमध्येच आहे ना? (डब्लिन)

आयर्लंड आत आहे म्हणूनच. तुमचा दुकानदार बरोबर सांगतोय. करारातली शून्य ड्युटी ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला आहे, ब्रिटनमधून आलेल्या मालाला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे भल्याभल्यांना जानेवारी 2021 मध्ये कळलं. मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानांची पर्सी पिग नावाची गोड गोळ्यांची पाकिटं असतात, ती जर्मनीत बनतात, इंग्लंडमध्ये येतात, आणि तिथून आयर्लंडच्या दुकानात पाठवायला गेले की ड्युटी लागते, कारण माल ब्रिटिश नाही, आणि युनियनमधून एकदा बाहेर पडल्यामुळे युरोपियनही धरला जात नाही.

भारतातून आलेल्या मालाचं तेच होतं. लंडनला उतरवून घेतला, ब्रिटनची ड्युटी भरली, मग डब्लिनला पाठवला की युरोपची ड्युटी वेगळी. पिठाची गोष्ट तर अजून किचकट. दळलं ब्रिटनमध्ये पण त्यात कॅनडाचा गहू ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तर ते पीठ ब्रिटिश नाही. तूप-पनीरला वर म्हटलं ते डॉक्टरचं सर्टिफिकेट. पन्नास प्रकारचा थोडा थोडा माल एका व्हॅनमध्ये भरून पाठवणाऱ्या होलसेलरला प्रत्येक वस्तूचा कोड वेगळा लिहायचा, मूळ देश वेगळा लिहायचा, एक चुकला की पूर्ण व्हॅन अडकते. त्यामुळे तो पाठवायचंच बंद करतो. आता बरेच दुकानदार नेदरलँड्स, जर्मनीच्या होलसेलरकडून किंवा थेट भारतातून मागवतात. आयर्लंडच्या ट्रकांनीही रस्ता बदललाय, आधी ते वेल्सच्या होलिहेड बंदरात उतरून ब्रिटन आडवं कापून डोव्हरहून फ्रान्सला जायचे, आता आयर्लंडच्याच रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्सच्या बोटी आहेत. वेळ जास्त लागतो पण मध्ये दोन सीमा लागत नाहीत.

उत्तर आयर्लंड एवढासा भाग, त्याच्यावरून एवढी वर्षं का घोळ चालला? मला हे प्रकरण कधीच समजलं नाही. (डोंबिवली)

हे जरा सविस्तर लिहिते, कारण आकड्यांच्या चर्चेत हे मागे पडतं आणि माझ्या मते सर्वात जपून हाताळायची गोष्ट हीच होती.

आयर्लंड बेटाचा वरचा तुकडा ब्रिटनचा, बाकीचा स्वतंत्र देश. मधली सीमा जवळपास 500 किलोमीटर आणि तिच्यावरून जाणारे रस्ते दोनशेच्या वर. उत्तरेने ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडला जोडायचं यावरून साठच्या दशकाच्या शेवटापासून तीस वर्षं तिथे रक्तपात झाला, साडेतीन हजारांवर माणसं गेली, सीमेवर सैन्याचे टेहळणी मनोरे होते, रस्ते खणून बंद केलेले होते. 10 एप्रिल 1998 ला शांततेचा गुड फ्रायडे करार झाला आणि हळूहळू ते सगळं निघालं. ते निघू शकलं याचं एक मोठं कारण म्हणजे दोन्ही देश एकाच सिंगल मार्केटमध्ये होते, त्यामुळे सीमेवर तपासायला काही उरलंच नव्हतं. आज तिथून गाडीने गेलात तर रस्त्याच्या कडेची रेघ बदलते, वेगमर्यादेच्या पाटीवर मैलाचे किलोमीटर होतात, एवढंच. लोकांची शेतं दोन्हीकडे आहेत, उत्तरेतल्या गोठ्यातलं दूध दक्षिणेतल्या डेअरीत जातं, नर्स एका देशात राहते आणि दुसऱ्या देशात ड्युटी करते.

ब्रिटन सिंगल मार्केट आणि कस्टम्स युनियन दोन्हीतून बाहेर पडलं म्हटल्यावर कुठेतरी तपासणी आलीच. बेटावरच्या त्या सीमेवर चौकी उभी करणं म्हणजे जुनी जखम परत उघडणं, ते कुणालाच नको होतं. मग चौकी समुद्रात गेली, म्हणजे उत्तर आयर्लंडला मालाच्या बाबतीत युरोपचे नियम आणि इंग्लंड-स्कॉटलंडहून तिकडे बोटीने जाणाऱ्या मालाची तपासणी. आता जे लोक स्वतःला मनापासून ब्रिटिश समजतात त्यांना काय वाटलं असेल विचार करा, आपल्याच देशातून आपल्याच देशात बटाट्याचं बियाणं आणायला बंदी होती, मातीसकट रोप आणता येत नव्हतं. त्यांचा मोठा पक्ष, डीयूपी, फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारमधून बाहेर पडला आणि दोन वर्षं तिथलं सरकार बंद राहिलं, दवाखान्यांच्या रांगा वाढत होत्या आणि निर्णय घ्यायला मंत्री नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि युरोपियन कमिशनच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांनी विंडसर फ्रेमवर्क नावाचा करार केला. जो माल उत्तर आयर्लंडमध्येच विकायचाय त्याला हिरवी लेन, कमी कागद, आणि जो पुढे दक्षिणेत जाऊ शकतो त्याला लाल लेन, पूर्ण तपासणी. तिथल्या सुपरमार्केटमध्ये मांसाच्या, दुधाच्या पाकिटांवर हे युरोपियन युनियनसाठी नाही असं छापलेलं असतं ते यामुळेच. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकार परत बसलं. फायदा म्हणाल तर तिथला कारखानदार युरोप आणि ब्रिटन दोन्हीकडे विनाअडथळा माल विकू शकतो. पण 2016 च्या प्रचारात या सीमेबद्दल लंडनमध्ये किती कमी बोललं गेलं हे आठवलं की मला अजूनही राग येतो. उत्तर आयर्लंडने स्वतः जवळपास 56 टक्के मतं आत राहायच्या बाजूने दिली होती.

बाहेरची माणसं कमी करायला ब्रेक्झिट केलं ना? मग माझ्या ओळखीतली एवढी मुलं 2021 नंतरच तिकडे कशी गेली? आणि आता तिकडे पाठवावं का? (नाशिक)

कमी झाली ती युरोपातली माणसं. जानेवारी 2021 पासून पॉइंट सिस्टीम आली (नोकरी, पगार, इंग्रजी यांना गुण देऊन व्हिसा) आणि पोलंडचा असो की नाशिकचा, नियम एकच झाला. त्याच वर्षी शिक्षण झाल्यावर दोन वर्षं नोकरी शोधायचा व्हिसा परत चालू केला, मग म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी माणसं कमी पडली तेव्हा तो व्हिसाही उघडला. ब्रिटनमध्ये येणारे वजा जाणारे हा आकडा सार्वमताच्या वेळी वर्षाला 3 लाखांच्या घरात होता, तो 2023 च्या सुमाराला 9 लाखांच्या वर गेला, आणि त्यात भारतीय सर्वात पुढे. दुसरीकडे सप्टेंबर 2021 मध्ये ट्रक ड्रायव्हर नाहीत म्हणून पेट्रोल पंपांवर रांगा, शेवटी सैन्याचे ड्रायव्हर लावले. ड्रायव्हर कमी असण्याला कोविडही कारण होता, पण पूर्व युरोपातून लगेच माणूस बोलवायची सोय गेली होती हेही खरं.

प्रचारात तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल वगैरे सांगत होत्या की युरोपची माणसं थांबली की करी हाऊसवाल्यांना आपल्या भागातून आचारी आणता येतील. ती मुख्यतः बांगलादेशी कुटुंबांची हॉटेलं, त्यांच्यातल्या अनेकांनी त्या भरवशावर मत दिलं. पण व्हिसासाठी पगाराची अट अशी ठेवली की छोट्या हॉटेलला परवडत नाही. त्यांची फसवणूक झाली असंच मी म्हणेन.

पाठवावं का हे तुमच्या खिशावर आणि कोर्सवर आहे, पण 2021 चे नियम धरून चालू नका. जानेवारी 2024 पासून बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा-बायको-मुलं नेता येत नाहीत. जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला साधारणपणे वर्षाला 41,700 पौंड पगार लागतो आणि काळजीवाहकांची परदेशातून भरती बंद झालीय. जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना शिक्षणानंतरचे दोन वर्षांचे दीड वर्ष होणार. कर्ज काढून एक वर्षाचा मास्टर्स करायचा आणि तिथेच नोकरी करून फेडायचं, हे गणित आता फार कमी जणांचं जुळेल.

2014 ला युरोपने हापूस बंद केला तेव्हा लंडनचं मार्केटही गेलं होतं, ऐन सीझनमध्ये. आता ब्रिटन वेगळं झालं, आम्हा बागायतदारांना याचा फायदा आहे का? (देवगड)

फळमाशी सापडली म्हणून ती बंदी 1 मे 2014 पासून होती आणि आंब्यापुरती जानेवारी 2015 मध्ये उठली. हापूसबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही होतं त्यात. युरोपात आपला आंबा सर्वात जास्त खपतो तो लंडन, लेस्टरमध्ये, ब्रिटनच्या थंड हवेत फळमाशीची भीती तशी कमी, तरी ब्रिटनला एकट्याने वेगळा निर्णय घेता आला नाही कारण नियम तेव्हाच्या सगळ्या 28 देशांना एकच. आत असण्याची ही खरी किंमत आहे, आणि ब्रेक्झिटवाल्यांचं म्हणणं इथे पटतं.

आता ब्रिटन झाडा-फळांच्या रोगांबद्दल स्वतः ठरवतं. फवारणीच्या औषधाचा अंश किती चालेल हेही वेगळं ठरू शकतं, म्हणजे तुम्हाला दोन याद्या सांभाळायच्या. पण मे 2025 मध्ये लंडनला ब्रिटन-युरोप बैठक झाली त्यात असं ठरलंय की खाद्यपदार्थ आणि वनस्पतींच्या नियमांत ब्रिटन परत युरोपच्या मागोमाग चालणार, नियम बदलले की हेही बदलणार, म्हणजे सीमेवरचे कागद कमी होतील. वाटाघाटी त्या दिशेने चालल्यात. तसं झालं तर देवगडच्या दृष्टीने ब्रुसेल्स (युनियनचं मुख्यालय) आणि लंडन परत एकच, फक्त ब्रुसेल्समध्ये ब्रिटनला आता मत नसेल. त्यामुळे गरम पाण्याच्या प्रक्रियेत आणि पॅक हाऊसच्या नोंदणीत ढिलाई करू नका, युरोपचे नियम पाळलेत तर दोन्हीकडे चालेल.

बाकी फायदे कुणी विचारले नाहीत पण सांगायला हवेत. भारत-ब्रिटन व्यापार करार 24 जुलै 2025 ला झाला, तो युनियनमध्ये राहून ब्रिटनला एकट्याने करता आला नसता, आणि आपल्या कपडे, चामडं, कोळंबीवाल्यांना त्याचा उपयोग आहे. जिवंत जनावरं कत्तलीसाठी बोटीतून परदेशी पाठवणं 2024 च्या कायद्याने बंद केलं. सॅनिटरी पॅडवरचा व्हॅट 1 जानेवारी 2021 ला काढला. 2025 मध्ये अमेरिकेने युरोपवर 15 टक्के टॅरिफ लावला, ब्रिटनला मूळ दर 10 टक्क्यांवर सुटला. कोविडची लस लवकर मिळाली तेही ब्रेक्झिटमुळे असं म्हणतात, ते मात्र बरोबर नाही, 2 डिसेंबर 2020 ला मंजुरी दिली तेव्हा युरोपचेच नियम लागू होते आणि त्या नियमांत तातडीच्या मंजुरीची सोय होती.

तिथल्या मच्छीमारांनी भरभरून मतं दिली होती, त्यांचं काय झालं? (मालवण)

समुद्र आपला, मासे आपले, हे त्यांना पटलं होतं आणि त्यांचा राग खोटा नव्हता, परक्या बोटी दारात येऊन मासे नेत होत्या. पण अडचण अशी की ब्रिटनचे लोक खातात कॉड आणि हॅडॉक, जे बरंचसं बाहेरून येतं, आणि त्यांच्या किनाऱ्यावर मिळणारे खेकडे, लँगुस्टीन (मोठ्या कोळंबीसारखे) खातात फ्रान्स आणि स्पेनचे लोक. म्हणजे पकडायचा हक्क वाढला पण विकायची वाट अवघड झाली. जानेवारी 2021 मध्ये स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनी लंडनला संसदेजवळ ट्रक आणून उभे केले, कागद पूर्ण होईपर्यंत माल सडत होता. 2020 च्या करारात युरोपच्या बोटींचा ब्रिटनच्या पाण्यातला कोटा 2026 पर्यंत टप्प्याटप्प्याने 25 टक्के कमी व्हायचा होता आणि मग दरवर्षी नव्याने बोलणी, पण 2025 च्या बैठकीत युरोपच्या बोटींना 2038 पर्यंत मुभा देऊन टाकली. सगळ्यात जास्त वचनं ज्यांना दिली त्यांनाच सौद्यात पुढे केलं.

ब्रिटन परत आत जाऊ शकतं का? आणि असं बाहेर पडलेलं दुसरं कुणी आहे का? (नागपूर)

जाऊ शकतं, पण नव्या देशासारखा अर्ज करून, सगळ्या 27 देशांच्या संमतीने, आणि जुनी वर्गणीतली सूट परत मिळेल असं धरू नका. तिथल्या पाहण्यांत बहुसंख्य लोक आता बाहेर पडणं चुकलं म्हणतात, पण मजूर पक्षाने 2024 ची निवडणूक सिंगल मार्केट नाही, कस्टम्स युनियन नाही, लोकांची मुक्त ये-जा नाही असं सांगूनच लढवली आणि जिंकली. त्यामुळे तुकड्यातुकड्याने जवळ येणं चाललंय, 2024 पासून होरायझन ही संशोधनाची योजना, 2027 पासून विद्यार्थ्यांची इरॅस्मस.

दुसरं म्हणाल तर ग्रीनलँड, डेन्मार्कचाच भाग पण 1982 ला सार्वमत घेऊन 1985 ला बाहेर, मुख्य कारण मासेच. आणि अलीकडचं म्हणजे पश्चिम आफ्रिकेत माली, बुर्किना फासो आणि नायजर 29 जानेवारी 2025 ला इकोवास या तिथल्या देशांच्या संघटनेतून बाहेर पडले. तिघांकडेही लष्करी राजवट, 2023 मध्ये नायजरला सत्तापालट झाला तेव्हा इकोवासने निर्बंध लावले, नायजेरियाने वीज तोडली, त्या रागातून हे झालं. तिन्ही देशांना समुद्र नाही, माल येणार तो बेनिन, टोगो, आयव्हरी कोस्ट अशा दुसऱ्या देशांच्या बंदरांवरूनच, आणि त्यांची लाखो माणसं शेजारी देशांत कामाला. त्यामुळे दोन्ही बाजूंनी पासपोर्ट आणि माल सध्या चालू ठेवलाय, चलनही सामायिक सीएफए फ्रँकच ठेवलंय.

माझे वडील 1961 च्या आधी गोव्यात जन्मले, म्हणून मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो. माझा मावसभाऊ त्याच पासपोर्टवर 2015 ला इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला, तिथे सेटल झाला. मीही तसंच जाऊ का? एजंट म्हणतो अजून चालतं. (म्हापसा)

चालत नाही. एजंट चुकीचं सांगतोय, त्याला एक पैसाही देऊ नका.

तुमचा भाऊ गेला तेव्हा पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे ब्रिटनमध्ये राहायचा आणि काम करायचा हक्क होता, त्यावरच स्विंडन, साऊथॉलमध्ये हजारो गोवेकर गेले. 31 डिसेंबर 2020 पर्यंत जे तिथे राहत होते त्यांच्यासाठी सेटलमेंट स्कीम होती, अर्जाची शेवटची तारीख 30 जून 2021. भाऊ त्यात बसला असणार. तुम्ही आज पोर्तुगीज पासपोर्टवर गेलात तर सहा महिन्यांपर्यंत पाहुणे, तेही आधी ऑनलाईन परवानगी काढून, आणि नोकरी करता येणार नाही. नोकरी करायची तर स्पॉन्सर आणि व्हिसा, जसा भारतीय पासपोर्टवर लागतो तसाच.

पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी असे युनियनचे सगळे 27 देश मात्र त्या पासपोर्टवर खुले आहेत. बरेच गोवेकर आता आयर्लंडकडे बघतात कारण इंग्रजी चालतं. पण आयर्लंडला गेलं की पुढे ब्रिटनला जाता येतं असं कुणी सांगितलं तर तेही खोटं, ती मुभा फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना आहे.

आणि निर्णय घ्यायच्या आधी हे बघा की पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, मतदान जातं, शेतजमीन विकत घेता येत नाही, इथे राहायला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) काढावं लागतं. स्विंडनसाठी हे सगळं सोडणार असाल तर सोडू नका. युरोपात कुठे काम मिळतंय हे आधी नक्की करा, मग कागदांना हात लावा, आणि भावाला त्याचं स्टेटस प्री-सेटल्ड (तात्पुरतं) आहे की सेटल्ड (कायमचं) ते एकदा ऑनलाईन तपासायला सांगा, प्री-सेटल्ड असेल तर पाच वर्षं पूर्ण झाल्याचे पुरावे त्याने आत्ताच एका जागी काढून ठेवावेत.